ब्लोअर फिरतोय, पण ट्रेलर गारच: वाचकांचे प्रश्न

गेल्या वेळी कॅम्पिंगचा ट्रेलर विकत घेताना काय काय तपासायचं ते लिहिलं होतं, तर त्यावर आलेल्या मेलमध्ये खरेदीबद्दल फारसं कोणी विचारलंच नाही, सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं, थंडीत फर्नेस, म्हणजे ट्रेलर गरम ठेवणारा गॅसचा हीटर, दगा देतो. दिवाळी झाली की थँक्सगिव्हिंग येतं, आपली मंडळी युटा-अ‍ॅरिझोनाकडे निघतात, तिथे दिवसा छान ऊन आणि रात्री बादलीतलं पाणी गोठतं. म्हणून या वेळी सगळं सदर याच विषयाला दिलंय. लांब प्रश्न थोडे कापलेत.

प्रश्न : नमस्कार. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, या वर्षी २४ फुटी सेकंडहँड ट्रेलर घेतला. ऑक्टोबरच्या शेवटी ब्राइस कॅनियनला गेलो, नॉर्थ कॅम्पग्राउंडला. तिथे हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नाही हे माहीत होतं, पण बॅटरी होती आणि प्रोपेनचे दोन्ही सिलिंडर भरलेले होते. संध्याकाळी फर्नेस मस्त चालला. रात्री दोन-अडीचला थंडीनं जाग आली तर ब्लोअर चालू आणि जाळीतून नुसती गार हवा. थर्मोस्टॅट बंद-चालू करून बघितला, तेच. मुलांना अंगावर होते नव्हते ते सगळे स्वेटर चढवून आमच्या दोघांच्या मधे झोपवलं. घरी येऊन ड्राइव्हवेमध्ये प्लग लावला तर पहिल्या झटक्यात पेटला! दुकानवाला म्हणतो सर्किट बोर्ड गेलाय. बदलू का?

उत्तर : थांबा, बोर्डाला हात लावू नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, घरी प्लग लावल्यावर पेटला ना? मग बोर्ड बरा आहे. हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण बारा वर्षांपूर्वी मीही एका दुकानात असाच बोर्ड बदलून घेतला, पैसे मोजले, आणि पुढच्याच ट्रिपला पहाटे परत तेच. शेवटी सापडलं काय, तर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलच्या नटाखाली पांढरट-हिरवी पूड साचलेली, बोटानं चोळली की भुगा व्हायची. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. तेव्हापासून कोणी फर्नेसबद्दल विचारलं की मी आधी एकच सांगतो, कान द्या. फर्नेस ठरलेल्या क्रमानं काम करतो, आणि प्रत्येक टप्प्याचा आवाज वेगळा असतो, तो कुठे गप्प होतो ते ऐकलं की दुखणं कुठलं ते निम्मं कळतं.

क्रम असा. थर्मोस्टॅट ऊब मागतो. मग ब्लोअर सुरू होतो, आणि पहिले साधारण १५ सेकंद तो नुसताच फिरतो, आधीचा काही गॅस आत राहिला असेल तर तो बाहेर जावा म्हणून. हवेचा झोत पुरेसा झाला की त्या झोतानं एक पातळ पत्र्याची पट्टी ढकलली जाते, जहाजाचं शीड वाऱ्यानं फुगतं तशी, म्हणून त्याला सेल स्विच म्हणतात. ती पट्टी पूर्ण ढकलली गेली तरच बोर्डाला कळतं की हवा वाहतेय, मग तो गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, टक करून आवाज येतो, पाठोपाठ ठिणग्यांची टकटकटक, आणि मग बर्नर पेटल्याचा दबका भुर्र आवाज. ज्योत लागलीय हे ठिणगी टाकणारा तोच इलेक्ट्रोड किंवा शेजारचा सेन्सर ओळखतो, नाही ओळखली तर काही सेकंदांत गॅस बंद. बहुतेक नवे बोर्ड तीनदा प्रयत्न करतात आणि मग लॉकआउट होऊन बसतात, तेव्हा थर्मोस्टॅट बंद करून मिनिटभर थांबून परत लावायचा.

तुमच्याकडे ब्लोअर फिरत होता पण टक नाही, ठिणगी नाही, बरोबर? म्हणजे गाडी सेल स्विचपाशी अडली. आणि तो अडला कारण बॅटरी उतरली होती. व्होल्टेज कमी झालं तरी ब्लोअर फिरतोच, फक्त थोडा हळू, आपल्या कानाला फरक कळत नाही, पण झोत कमी पडतो आणि ती पट्टी पूर्ण ढकलली जात नाही. मग फर्नेस गॅस सोडत नाही, आणि सोडू नये तेच बरं, कारण हवा नीट वाहत नसताना पेटला तर आतली भट्टी तापून फुटेल. बहुतेक फर्नेसना किमान १०.५ व्होल्ट लागतात, आणि ते फर्नेस चालू असताना, त्याच्या स्वतःच्या वायरीवर मोजलेले. बॅटरीवर मीटर लावून १२.३ दिसले म्हणजे झालं असं नाही. माझ्याकडे बॅटरीवर १२.४ होते आणि ब्लोअर सुरू झाला की फर्नेसपाशी काटा १०.३ वर यायचा, मधले दोन व्होल्ट त्या पुडीनं खाल्लेले.

आता हिशोब करा म्हणजे पटेल. ३०,००० बीटीयूच्या (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) फर्नेसचा ब्लोअर साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो. थंडीच्या रात्री तो निम्मा वेळ चालतो असं धरलं तर १२ तासांत ६ तास, म्हणजे ४५ अँपिअर-अवर. ट्रेलरच्या पुढे जी एक साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते ती ७५-८० अँपिअर-अवरची, त्यातली निम्मीच वापरायची असते नाहीतर ती लवकर मरते, आणि थंडीत तिची ताकद आणखी घटते. त्यात दिवे, पाण्याचा पंप, गॅस डिटेक्टर, मुलांचे टॅबलेट चार्जिंगला. ब्राइसचं ते कॅम्पग्राउंड जवळपास ८,००० फुटांवर आहे, तिथली ऑक्टोबरची रात्र आणि एक बॅटरी, दोन-अडीचला ती संपली हे अगदी बरोबर वेळेवर संपली म्हणायचं. घरी प्लग लावल्यावर कन्व्हर्टरनं (घरच्या विजेवरून बॅटरी भरणाऱ्या डब्यानं) साडेतेरा व्होल्ट दिले आणि बिचारा लगेच पेटला.

तर करा काय. दोन्ही टर्मिनल काढून वायरब्रशनं घासा, ट्रेलरच्या चासीला जिथे ग्राउंडची वायर बसते तो बोल्टही घासा, तो कोणी कधी बघत नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांहून जुनी असेल तर लोड टेस्ट करून घ्या, पुष्कळ ऑटो पार्टच्या दुकानात फुकट करतात. हुकअपशिवाय राहायचं असेल तर ६ व्होल्टच्या दोन गोल्फ कार्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये, साधारण २२० अँपिअर-अवर मिळतात, मी तेच वापरतो. आणि संध्याकाळी जनरेटर चालवायला परवानगी असते तेवढ्या वेळात बॅटरी पूर्ण भरून मगच झोपा, सोलरच्या भरवशावर नको, नोव्हेंबरात दिवस कितीसा.

एवढं सगळं करून, व्होल्टेज बरोबर असूनही टक ऐकू नाही आलं, तर मग सेल स्विच उघडून बघायचा. गॅस बंद, करंट बंद, मगच. मागच्या उन्हाळ्यात एका मित्राचा उघडला, त्यांच्याकडे गोल्डन रिट्रीव्हर आहे, त्या पट्टीच्या बिजागराला सोनेरी केसांचा गुंता असा बसला होता की राखीचा गोंडाच वाटावा. चिमट्यानं केस काढले, पट्टी परत मोकळी हलली, फर्नेस सुरू. नवा स्विचही महाग नसतो, पण आधी साफ करून बघा.

प्रश्न : काका, मी नवीन लिथियम बॅटरी बसवली, ट्रेलरच्या पुढे जुन्या डब्यातच. थंडीत सकाळी जनरेटर लावला तर चार्जच होत नाही. बॅटरी खराब निघाली का?

उत्तर : अरे नाही, ती स्वतःला वाचवतेय. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ० सेल्सिअसच्या खाली चार्ज करायची नसते, आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, चार्जिंग तोडतो. वापरायला मात्र उणे २० पर्यंत साधारण चालते, म्हणून रात्रभर फर्नेस चालतो आणि सकाळी आपल्याला वाटतं बिघडली. ती आत घे, सोफ्याखाली किंवा बेडखालच्या कप्प्यात, किंवा आत हीटर असलेली बॅटरी मिळते ती. आणि जुना कन्व्हर्टर लिथियमला चालतो का तेही बघ, बरेच चालत नाहीत, अर्धवटच भरतात.

प्रश्न : कॅलगरीहून लिहितेय. डिसेंबरात उणे २५ ला फर्नेस ठिणग्या मारतो, कधी पेटतो, पाच-दहा मिनिटांत विझतो. शेगडीची ज्योतही बारीक येते. सिलिंडर उचलून बघितला तर अजून पाव तरी भरलेला आहे. माझे सासरे नाशिकहून आलेत, ते म्हणतात सिलिंडर आडवा कर नाहीतर गरम पाण्यात ठेव, आपल्याकडे तेच करतात. मिस्टरांनी जुनी गोधडी गुंडाळून ठेवलीय. फरक शून्य.

उत्तर : पहिली गोष्ट, ताई, सिलिंडर आडवा करायचा नाही. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, आपल्या सगळ्यांच्या घरी शेवटचा चहा होण्यापुरता गॅस निघावा म्हणून सिलिंडर आडवा झालेला आहे, पण ते तेव्हाही धोक्याचंच होतं. आडवा केला की वाफेऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि त्या थोड्याशा थेंबांची पुढे २५०-२७० पट वाफ होते, ज्योत हातभर उसळते. इथला प्रोपेनचा सिलिंडर कायम उभाच.

आता का होतंय ते. सिलिंडरमध्ये गॅस पातळ असतो आणि वरच्या जागेत त्याची वाफ, आपण जाळतो ती वाफ. प्रोपेन उणे ४२ ला उकळतो, म्हणजे उणे २५ ला वाफ होते, पण दाब फार पडलेला असतो. २१ सेल्सिअसला ११० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) वर, उणे १८ ला २५ च्या आसपास, आणि उणे २९ ला जेमतेम १०-१२. (आपल्या भारतातल्या घरगुती सिलिंडरात प्रोपेनसोबत ब्युटेन असतो, तो तर शून्याच्या जवळच वाफ व्हायचा थांबतो, म्हणून लेह-स्पितीकडे हिवाळ्यात सिलिंडर अडून बसतो.)

पण खरी मेख पुढे आहे. माठातलं पाणी गार का होतं, तर पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. सिलिंडरात अगदी हेच चालतं. फर्नेस ताशी ३०,००० बीटीयूनं गॅस ओढतो, तेवढी वाफ करायला उरलेल्या पातळ गॅसमधली उष्णता जाते, तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, दाब आणखी पडतो, आणि ज्योत बारीक होत होत विझते. थोडा वेळ थांबलं की बाहेरच्या हवेनं सिलिंडर जरा सावरतो, परत पेटतो, परत विझतो, तुमचं ते पाच-दहा मिनिटांचं चक्र हेच. सकाळी सिलिंडरला हात न लावता नुसतं बघा, पत्र्यावर एका उंचीपर्यंत दहिवराचा पांढरा पट्टा दिसेल आणि त्याच्या वर पत्रा कोरडा, तो पट्टा जिथे संपतो तिथपर्यंत गॅस आहे.

म्हणून गोधडी काढा. गोधडी माणसाला ऊब देते कारण ऊब आपल्या अंगात असते, सिलिंडरच्या अंगात कुठली, त्याला उष्णता मिळते ती बाहेरच्या हवेतूनच, आणि गोधडीनं तीच वाट बंद होते. गरम पाणी ओतणं, हेअर ड्रायर, हीट गन, यातलं काही नाही. पाणी रेग्युलेटरवर गोठून भलतंच होऊन बसेल. सिलिंडरसाठीच बनवलेलं इलेक्ट्रिक हीटर ब्लँकेट मिळतं, वीज असेल तर ते. नाहीतर साधा उपाय, पाव उरला की सिलिंडर बदला, संपायची वाट बघू नका. भरलेल्या सिलिंडरात पातळ गॅस पत्र्याला जास्त जागी टेकलेला असतो, त्यामुळे त्याला उष्णताही जास्त मिळते. २० पौंडीऐवजी ३० पौंडी घेतला तर आणखी बरं. २० पौंडांत साधारण ४,३२,००० बीटीयू असतात, म्हणजे ३०,०००चा फर्नेस सलग पेटता राहिला तर १४ तास, उणे २५ च्या कॅलगरीत तो जवळपास सलगच पेटता राहणार, तेव्हा दोन सिलिंडर किती दिवस पुरतील ते तुम्हीच बघा.

एवढं करूनही ज्योत बारीकच असेल तर रेग्युलेटरकडे बघा. त्याला एक छोटं श्वासाचं भोक असतं, ते खाली तोंड करून हवं, आणि वर प्लास्टिकचं झाकण हवं. रस्त्यावरचा चिखलबर्फ उडून त्या भोकात गोठला की दाब बिघडतो. कधी गॅसमधलाच ओलावा रेग्युलेटरमध्ये गोठतो, मग गॅस भरून देणारा सिलिंडरात थोडं मिथेनॉल घालून देतो, त्याला सांगा, ते त्याचं काम आहे, आपलं नाही. पुढे जाणारा दाब ११ इंच वॉटर कॉलम (गॅसचा कमी दाब मोजायचं माप) असावा लागतो, तो मॅनोमीटर लावून मेकॅनिकनंच बघायचा.

अजून एक, सिलिंडरचा व्हॉल्व्ह थंडीत कुडकुडत झटकन उघडतो ना आपण, तो सावकाश उघडा. एकदम उघडला तर कनेक्टरमधली सेफ्टी समजते की नळी फुटली आणि गॅस अगदी थेंबथेंब सोडते, मग शेगडी मिणमिणते आणि फर्नेस पेटत नाही. सगळं बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, हळू उघडा, आधी शेगडी पेटवून नळीतली हवा जाऊ द्या, मग फर्नेस लावा. निम्म्या वेळी एवढ्यानंच सुटतं.

प्रश्न : डॅलसहून. आमचा पेटतो, गरम हवा येते, दहा मिनिटांनी बर्नर बंद आणि ब्लोअर मात्र चालूच, मग परत पेटतो. थर्मोस्टॅटवरचं तापमान अजून गाठलेलं नसतं.

उत्तर : तापून बंद पडतोय. आत लिमिट स्विच असतो, भट्टी जास्त तापली की तो गॅस तोडतो आणि ब्लोअर चालू ठेवून गार करतो. हवा कोंडलीय कुठेतरी. फर्नेसच्या तोंडाशी जी जाळी असते, जिथून तो खोलीतली हवा आत ओढतो, तिच्यासमोर काय ठेवलंय? बहुतेकांकडे चपला-बूट, नाहीतर तांदळाची पिशवी. ते काढा. जमिनीवरच्या जाळ्यांवर चटई टाकलीय का बघा. गार वाटतं म्हणून बेडरूमकडच्या दोन-तीन जाळ्या बंद करून सगळी हवा एकीकडे वळवली असेल तर त्या उघडा, फर्नेसला ठरावीक जागेतून हवा बाहेर टाकावीच लागते. कपाटाखालून जाणारा चंदेरी पाइप कधी चेपलेला किंवा सुटलेला असतो, तोही हातानं चाचपून बघा.

प्रश्न : माझे आईवडील साताऱ्याहून आलेत, दोघंही सत्तरीच्या पुढे. न्यू जर्सीहून स्मोकी माउंटन्सला ट्रेलर घेऊन जातोय. फर्नेसचा भरवसा नाही, तर रात्री शेगडी किंवा ओव्हन मंद ठेवून दार किंचित उघडं ठेवलं तर चालेल का? आणि तो भिंतीवरचा अलार्म सारखा चिक-चिक करतो, बॅटरी बदलली तरी थांबत नाही, काढून ठेवला तर चालेल ना?

उत्तर : नाही. दोन्हीला नाही. हे उत्तर बाकी सगळ्यांच्या आधी छापा असं मी संपादकांना म्हणालो होतो.

शेगडी भांड्याखाली पाच-दहा मिनिटं जळण्यासाठी असते, तिचा धूर बाहेर काढायला नळी नाही. फर्नेसचं तसं नाही, त्याची ज्वाला बंद भट्टीत असते, बाहेरची हवा घेते आणि धूर बाहेर टाकते, आतली हवा फक्त भट्टीच्या पत्र्यावरून गरम होऊन येते. बंद ट्रेलरमध्ये शेगडी तासन्‌तास जळली की ऑक्सिजन कमी होतो आणि ज्योत नीट जळेनाशी होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. आणि हे मला कळकळीनं सांगायचंय की आपल्या घरात वडीलधारं माणूस म्हणालं, डोकं धरलंय, मळमळतंय, की आपण काय म्हणतो, पित्त झालं असेल, प्रवास झाला, जागरण झालं, आलं-लिंबू घ्या आणि पडा जरा. ट्रेलरमध्ये हे म्हणायचं नाही. दोघातिघांना एकाच वेळी डोकेदुखी-मळमळ सुरू झाली, किंवा बाहेर गेल्यावर बरं वाटलं आणि आत आल्यावर परत तेच, तर सगळ्यांना बाहेर काढा आणि ९११ ला फोन करा, पित्ताचं नंतर बघू.

आणि तो चिक-चिक करणारा अलार्म, त्याच्या पाठीमागे तारीख असते ती बघा. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं आयुष्य मॉडेलप्रमाणे ५ ते ७ वर्षं असतं, कुठे १०, मग तो बॅटरी बदलूनही चिकचिकतो कारण आतला सेन्सरच संपलेला असतो. काढून ठेवायचा नाही, आजच नवा आणायचा, आरव्हीसाठीचा, म्हणजे अशा ट्रेलरसाठी बनवलेला. जमिनीजवळ दुसरा एक असतो तो प्रोपेन गळतीचा, तो खालीच असतो कारण प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, खाली साचतो. त्याचंही आयुष्य संपतं. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, पंखा लावू नका, सगळे बाहेर, जाताना दार उघडं, सिलिंडर बंद, लांब जाऊन फोन.

फर्नेसचा बाहेरचा धुराडा, म्हणजे ट्रेलरच्या बाजूला असते ती जाळी, बर्फानं झाकली गेली नाही ना हे झोपण्यापूर्वी बघायचं. तिच्याभोवती काळी काजळी धरली असेल तर फर्नेस वापरू नका, ज्योत नीट जळत नाहीये किंवा भट्टीला चीर असेल, मेकॅनिकला दाखवा. शेजाऱ्याचा जनरेटर तुमच्या खिडकीखाली असेल तर जाऊन सांगा, संकोच करू नका.

आईवडिलांसाठी हुकअपवाला कॅम्पग्राउंड घ्या, वीज असेल तर ऑइल भरलेला रेडिएटर-टाइप हीटर लावता येतो, जाड ब्लँकेट द्या, कानटोपी घालून झोपू द्या. आणि निघायच्या आठवडाभर आधी ट्रेलर घरासमोर उभा करून एक अख्खी रात्र फर्नेस चालवून बघा. नाही चालला तर त्या ट्रिपला हॉटेल.

प्रश्न : प्रोपेन महाग म्हणून आम्ही मिशिगनला कॅम्पग्राउंडच्या विजेवर दोन इलेक्ट्रिक हीटर लावले, आत २२ डिग्री मस्त ऊब, फर्नेस लागलाच नाही. सकाळी नळाला पाणी नाही. आत एवढं गरम असताना पाइप गोठले कसे?

उत्तर : आत गरम होतं म्हणूनच गोठले. पाण्याच्या टाक्या आणि पाइप जमिनीखालच्या पोकळीत असतात, आणि पुष्कळ ट्रेलरमध्ये फर्नेसचा एक पाइप मुद्दाम तिकडे सोडलेला असतो. हीटरनं खोली गरम केली, थर्मोस्टॅट समाधानी झाला, फर्नेस लागला नाही, आणि खाली ऊब गेलीच नाही. हीटर मदतीला ठेवा, पण त्याचं बटण खाली आणि फर्नेसचा थर्मोस्टॅट थोडा वर, म्हणजे रात्री फर्नेस अधूनमधून लागलाच पाहिजे. तसंही १,५०० वॅटचा हीटर म्हणजे ५,१०० बीटीयू, फर्नेसची सर त्याला येत नाही. आणि दोन हीटर म्हणजे ३,००० वॅट, ३० अँपिअरच्या जोडणीला एकूण ३,६०० च मिळतात, त्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडणार. प्लगला हात लावून बघत जा, गरम लागला तर बंद करा.

बाहेरचा पाण्याचा होज रात्री काढून ठेवा, आतली टाकी भरून पंपावर चालवा. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा आणि टाकी भरली की एकदम सोडायची, थेंबथेंब गळत राहिलं तर नळीत बर्फाचा दांडा होतो. आता गोठलेलं आहे ते सावकाश सुटू द्या, फर्नेस चालू ठेवून, सिंकखालची कपाटं उघडी टाकून. आणि सुटताना तिथेच थांबा, कुठला पाइप तडकला असेल तर पाणी तेव्हाच यायला लागतं.

प्रश्न : उन्हाळाभर ट्रेलर उभा होता. आता ब्लोअर येतो, टक येतो, ठिणग्या ऐकू येतात, शेगडीची ज्योत मोठी निळी आहे, पण फर्नेस पेटत नाही.

उत्तर : करंट आहे, झोत आहे, गॅस आहे, म्हणजे बर्नरपाशी काहीतरी अडकलंय. बाहेरच्या धुराड्यात टॉर्च मारून बघा. कुंभारीण माहीत आहे ना, कोकणात खिडकीच्या कोपऱ्यात मातीची घरं करते ती, तिच्या इथल्या बहिणींना प्रोपेनच्या वासाची ओढ असते असं म्हणतात, खरंखोटं काही असो, धुराड्यात मातीची नळी मी तीनदा काढलीय. गॅस आणि करंट बंद करून लांब चिमट्यानं काढा, तुकडे आत ढकलू नका. बर्नरच्या बारीक भोकात कोळी जाळं करतो, तिथे तार घालून भोक मोठं करायचं नाही, ते मेकॅनिककडे. इलेक्ट्रोडच्या टोकावर पांढरा थर असेल तर तोही साफ करून मिळेल, पेटून दोन-तीन सेकंदांत विझत असेल तर बहुधा तोच दोषी असतो. एप्रिलमध्ये ट्रेलर उभा करताना धुराड्यावर बारीक जाळी बसवा, पण तुमच्या फर्नेसच्या कंपनीला ती चालते का ते मॅन्युअलमध्ये बघून, आणि चालत नसेल तर साधा टेप लावा आणि थर्मोस्टॅटवर चिठ्ठी चिकटवा, ‘बाहेरचा टेप काढल्याशिवाय लावू नये’.